रुमाल टाकलेली जागा

६ जानेवारी २०२५, सोमवार

आले बाई एकदाची नाशिकला! ही डायरी आज ऑफिसात मिळाली. कुठल्यातरी सिमेंटवाल्यांनी फुकट वाटलेली, वर सोनेरी अक्षरं आणि आतल्या पहिल्या पानांवर नुसते सिमेंटच्या गोण्यांचे फोटो. शेजारच्या टेबलावरची पूजा म्हणाली, दर वर्षी गठ्ठा येतो, कुणी हात लावत नाही. मी म्हटलं, दे इकडे. शाळेत असताना रोज लिहायचे, मग सुटलं. नवी नोकरी लागलीच आहे तर हेही परत सुरू करू.

नवं गाव म्हणवत नाही, कारण दहावीपर्यंत मी इथल्या सातपूरचीच. आप्पा, म्हणजे माझे वडील, इथे एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली आणि आम्ही चांदवडला घरी परतलो. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. सकाळी ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते. आई कप घेऊन बाहेर आली, तोवर सगळं झालेलं. सगळे म्हणतात, किती छान मरण, कुणाला त्रास नाही. आईला मात्र एकच लागून राहिलंय, चहा तरी पिऊन जायचं होतं.

म्हणून तिला घेऊनच आलेय. अशोकनगरला दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण लताबाई राहतात, बोलघेवड्या आणि प्रेमळ. मी कामावर गेल्यावर आईकडे लक्ष ठेवीन म्हणाल्या. आईनं लगेच गॅलरीत तुळस ठेवली आणि समोरच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जतही घातली. तेव्हा मला बरं वाटलं. हुज्जत घालतेय म्हणजे माझी आई ठीक आहे.

८ जानेवारी, बुधवार

माझं काम भांडणं सोडवायचं आहे, असं आईनं लताबाईंना सांगून टाकलंय. तसं ते खोटंही नाही.

इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करतात. पण सगळी एका फाइलीत नसते. भिंती एकजण काढतो, खांब आणि बीम दुसरा, गार हवेचे पत्र्याचे डक्ट तिसरा, पाण्याचे पाइप आमची पूजा. या सगळ्या फाइली मी माझ्या मुख्य फाइलीला जोडते, म्हणजे लिंक करते. त्यानं तिकडे काही बदललं की इकडे आपोआप बदलतं. मग मशीन सांगतं, कुठे एकाच जागेवर दोन वस्तू येऊन बसल्यात. बीमच्या पोटातून पाइप, नाहीतर डक्टच्या आत दिवा. त्याला क्लॅश म्हणायचं. प्रत्येक क्लॅश टिपायचा, ज्याचा त्याला पाठवायचा, मिटेपर्यंत त्याच्या मागे लागायचं.

दर मंगळवारी बैठक असते. आमचे साहेब, कुंदन सर, प्रत्येक क्लॅशला एकच प्रश्न विचारतात, कोण सरकणार? बीम कधीच सरकत नाही. डक्ट कुरकुरत सरकतं. वायरी बिचाऱ्या सगळ्यांसाठी सरकतात, घरातल्या धाकट्या सुनेसारख्या.

आणि खरी बातमी तर राहिलीच! आम्ही एका बंद कंपनीच्या शेडचं रुग्णालय करतोय. जुने खांब ठेवून आत नव्या भिंती. पत्ता वाचला आणि मी खुर्चीतून उठलेच. आप्पांची कंपनी!

घरी येऊन सांगितलं. आई एकदम सुरूच झाली. दुपारचा भोंगा झाला की ती डबा घेऊन जायची. आत शेडमध्येच सायकल स्टँडच्या कडेला एक लोखंडी बाक होता, दोन माणसं बसतील एवढाच. आप्पा आधीच येऊन तिच्यासाठी शेजारी रुमाल टाकून ठेवायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. बाकीचे कामगार चिडवायचे की रंगनाथरावांनी सीट बुक केली. शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची, मीही जायचे. मग आप्पा पार कडेला सरकायचे, एक पाय बाहेर काढून अर्धवट लटकत बसायचे आणि म्हणायचे, या, तिघांची जागा हाय. मी मध्ये बसायचे.

हे मीच विसरले होते. आई हसत होती, डोळे पुसत होती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. कुंदन सर म्हणाले, गोड बोला आणि क्लॅश मिटवा.

आज जुन्या शेडचा स्कॅन आला. गोरक्ष नावाचा सर्व्हेवाला आहे, त्यानं मागच्या महिन्यात रिकाम्या शेडमध्ये तिपाईवर यंत्र ठेवून चहूबाजूंनी मोजून घेतलं. त्या यंत्रातून कोट्यवधी ठिपके मिळतात आणि त्या ठिपक्यांची मिळून अख्खी जुनी इमारत दिसते, रंगाच्या पोपड्यांसकट. पूजानं एक गंमत सांगितली. स्कॅन चालू असताना कुणी समोरून चालत गेलं तर नुसती पुसट रेघ उमटते. जो हलत नाही, तो मात्र अख्खा येतो. असली माणसं मग ठिपके कापून पुसून टाकायची, तशी पद्धतच आहे.

मी स्कॅन जोडला आणि आधी सायकल स्टँडकडे गेले. बाक आहे! वर धुळीचा थर, पण आहे. घरी जाऊन आईला कधी सांगते असं झालं.

१६ जानेवारी, गुरुवार

हे कसं लिहू कळत नाही. सरळच लिहिते.

आज स्कॅन परत उघडला तेव्हा बाकावर माणूस होता.

आधी वाटलं, वॉचमन असेल, मंगळवारी माझंच लक्ष गेलं नसेल. जवळ गेले. जवळ गेलं की ठिपके विरळ होतात, चेहरा नीट दिसत नाही. पण बसण्याची ढब दिसते. डावा खांदा थोडा खाली, हात गुडघ्यांवर, मान फाटकाकडे वळलेली. शेजारी बाकावर चौकोनी सपाट काहीतरी.

तो रुमाल आहे.

मी फाइल बंद केली, बाहेर जाऊन टपरीवर चहा घेतला. खोटं कशाला लिहू, भीती नाही वाटली. मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

१७ जानेवारी, शुक्रवार

गोरक्षला फोन केला. तो म्हणाला, ताई, शेडला बाहेरून कुलूप होतं, आम्ही आत यंत्र लावून बाहेर थांबलो, आत चिटपाखरू नव्हतं. मग हसून म्हणाला, कुणी दिसत असेल तर पुसून टाका की, दोन मिनिटांचं काम आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मी एक गोष्ट केली. बरोबर की चूक ते देव जाणे.

बैठकीआधी क्लॅश काढले, तर क्ष-किरण खोलीची नवी भिंत बाकाच्या मधून जात होती. म्हणजे आप्पांच्या छातीतून. मशीननं तिथे लाल खूण केली होती, भिंत आणि जुने ठिपके. अशा वेळी ठिपके पुसतात, कुणी विचारतही नाही.

मी त्यांना घेरून निवडलं. पुसायच्या कळेवर बोट ठेवलं. आणि नाही जमलं. एकदा तिरडीवर बांधताना बघितलंय, पुन्हा माझ्याच हातानं का म्हणून?

मग मी भिंत सरकवली. बाकाभोवती एक चौकोन मोकळा सोडला, कारण म्हणून लिहिलं, जुना बाक जागेवर ठेवायचा आहे. बाक आणि आप्पा यांचे ठिपके वेगळे काढून त्यांची छोटी फाइल केली आणि माझ्या फाइलीला जोडली. जोडायचे दोन प्रकार असतात. एकात ती फाइल फक्त मलाच दिसते. दुसऱ्यात माझी फाइल जो कुणी जोडेल त्याच्याकडेही ती मागोमाग जाते. मी दुसरा प्रकार घेतला. नाहीतर डक्टवाला, पाइपवाले सगळे त्यांच्या अंगातून रेघा मारत गेले असते. आता सगळ्यांना ती जागा भरलेली दिसेल.

कुंदन सरांनी विचारलं, कोण सरकणार? मी म्हटलं, भिंत सरकली सर. ते पुढच्या क्लॅशकडे गेले.

२५ जानेवारी, शनिवार

अर्धा दिवस. मोबाइलवर फोटो काढून आणला होता, आईला दाखवला. वाटलं होतं रडेल, नाहीतर माझ्यावर खेकसेल की हे काय भलतंच. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, रुमाल टाकलाय त्यांनी.

एवढंच. मग विचारलं, जेवले असतील का?

मी हसले. आता वाटतंय, नव्हतं हसायला पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांच्या नव्या फाइली आल्या. सगळे आप्पांना वळसा घालून गेलेत. डक्टवाल्यानं दोन वळणं वाढवली. पूजानं पाइप वर उचलून पलीकडे उतरवला. एरवी वीतभर सरकायचं म्हटलं तरी दहा फोन करतात, आणि इथे कुणाची तक्रार नाही. पूजाला विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, तिथे कुणीतरी होतं ना.

घरी आईनं दुपारचा डबा भरायला सुरुवात केलीय. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाचा ठेचा. लताबाई म्हणाल्या, साडेबाराला डबा मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. मी विचारलं तर आई म्हणते, लताबाईला काय कळतंय, डोळा लागला व्हता माझा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज साइटवर गेले. किती वर्षांनी! फाटक तेच आहे, रंग नवा.

मल्हारी मिस्त्री तिथलं बांधकाम बघतात. ते मला घेऊन गेले आणि मी बघतच राहिले. सायकल स्टँडच्या जागी चारी बाजूंनी भिंत उभी आहे. दार नाही. नुसती बंद पोकळी, एका बाजूला छातीएवढ्या उंचीवर झडपेसाठी सोडलेलं भोक. मी चौकोन मोकळा सोडला होता, बंद करायला सांगितलं नव्हतं. मल्हारी म्हणाले, म्याडम, नकाशात आलं तसं बांधलं, आमाला वाटलं पाइपाची जागा आसंल.

बाक आतच आहे. दोघांनी उचलायला बघितलं, नाही उचलला. लय जड हाय, कुणी बसल्यावानी, असं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. मल्हारी हे अगदी सहज बोलले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, दुपारी इथं भाजीभाकरीचा वास येतो, गडी दुसरीकडं जाऊन जेवतात.

मी भोकातून मोबाइलचा उजेड टाकला. बाकावर सिमेंटची धूळ बसलीय, सगळीकडे. दोन जागा सोडून. एक माणूस बसण्याएवढी आणि तिच्या शेजारी एक रुमालाएवढी.

आप्पा, अशी हाक मारली मी. मल्हारी मागे उभे होते तरी मारली. आतून मेथीचा वास आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवा क्लॅश. कुठल्याही डक्टचा नाही, भिंतीचा नाही. बाकाच्या छोट्या फाइलीत, आतल्या आत. बाक आणि आणखी काहीतरी.

रुमालाच्या जागी ठिपके आलेत. अगदी विरळ, उभट, धुरासारखे. स्कॅन डिसेंबरात झालाय, फाइल माझ्याकडेच आहे, तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तरी ती मोठी झालीय.

कुंदन सर बैठकीत गमतीनं म्हणाले, इथं तर दोन्ही जुनेच, आता कोण सरकणार? सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईचे हात गार पडतात. जेवण कमी झालंय. डॉक्टरांना दाखवलं. साखर ठीक, दाब ठीक, अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

ठिपके दाट होताहेत. बसलेलं माणूस आहे. बाई आहे.

मला कळलंय कोण ते. लिहिणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज दुपारी घरीच थांबले. साडेबारा झाले. आई खाटेच्या कडेला जाऊन बसली, मांडीवर डबा. खाट केवढी मोठी, पण ती एका बाजूला अंग चोरून बसली, शेजारी कुणी असल्यासारखी. डोळे उघडे. मी हाक मारली, हलवलं, गाल थोपटले. नाही. नाकापुढे बोट धरलं तर श्वास आहे की नाही तेही कळेना.

मग खाली बघितलं. पायात जोडवी.

आप्पा गेले त्या दिवशी काढलेली जोडवी. ट्रंकेच्या तळाशी होती, मीच बांधून ठेवली होती.

थोड्या वेळानं ती भानावर आली, म्हणाली, शुभे, तू कधी आली? मी तिच्या पायांना मिठी मारून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईला स्पष्ट विचारलं. ती काही लपवत नाही. म्हणाली, कुणी ओढून नेत नाही गं मला. दोन वर्षं झाली, एकटेच बसलेत, जागा धरून. मी नाय गेले तर कोण जाणार?

मी ओरडले. आई, आणि मी? मी कुणाची मग? तुला घेऊन आले, खोली घेतली, सगळं तुझ्यासाठी, आणि तू मला टाकून—

ती म्हणाली, तू तरणी हायेस. तुझं व्हईल.

माझं काय व्हईल, आई? घरी आल्यावर दार कोण उघडेल?

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुट्टी. तरी ऑफिसात गेले. आज पुसलं. आप्पांना. माझ्या हातानं. आधी माफी मागितली, मग कळ दाबली. बाक रिकामा झाला. बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

परत आले तर दोघंही बसलेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता कळलं काय झालंय. माझी फाइल पूजाच्या फाइलीत जोडलेली, पूजाची माझ्यात. डक्टवाल्याची आम्हा दोघींत. मी इकडून पुसते, ते तिकडून परत येतात. मीच त्यांना सगळीकडे पाठवलंय. सगळ्यांना सांगितलं, काढा. सगळ्यांनी काढलं. पूजानं तर माझ्यासमोर काढलं, तरी ते आहेतच.

ती म्हणाली, शुभांगी, माझ्या फाइलीतल्या बाईनं आज मान वळवली. नंतर म्हणाली, नाही, मला भास झाला असेल. आणि लवकर घरी गेली.

आईला चांदवडला नेते म्हटलं. ती म्हणते, तिथनं डबा पोचायचा नाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कुंदन सरांना भिंत पाडायला सांगितलं. जागा वाया जातेय म्हटलं. ते हो म्हणाले, बघ मल्हारीशी बोलून.

आई आज उठली नाही. पाणी चमच्यानं पाजलं. फाइलीत आईची नाकातली मोरणी दिसतेय. ठिपक्यांत. एवढीशी मोरणी.

१ मार्च, शनिवार

मल्हारींनी भिंत फोडली, पण एक माणूस जाईल एवढीच. मग गडी जेवायला गेले ते तिकडेच. मल्हारी म्हणाले, आज नको म्याडम, सोमवारी बघू. डोळ्याला डोळा देईनात.

मी आत गेले. एकटी. दुपार होती, वरच्या पत्र्यातून ऊन येत होतं. बाकासमोर उभी राहिले आणि एकाएकी कळलं. अगं, हेच तर तुझं काम! एका जागी दोन वस्तू बसत नाहीत. मी बसले तर आईला कशी जागा मिळेल?

बसले. रुमालाच्या जागेवर. डाव्या बाजूला ऊब होती, कुणी नव्हतं आणि ऊब होती. तेलाचा वास, मशीनच्या तेलाचा, आप्पांच्या शर्टाचा. मी लहानपणी त्यांच्या बाहीला तोंड पुसायचे.

लताबाईंचा फोन. अगं, तुझी आई उठली, चहा मागितला, खारी खाल्ली!

ऑफिसात येऊन बघितलं. ठिपके विरळ झालेत.

३ मार्च, सोमवार

काल रविवार, साइट बंद, कुलूप. आई दिवसभर गार.

आज दुपारी जाऊन बसले. आई बरी. भाजीवाल्याशी भांडली म्हणे. किती दिवसांनी!

म्हणजे मी रोज बसायचं. आणि रविवारी? आणि उद्या? उद्या मल्हारी अख्खी भिंत पाडणार, बाक कापून काढणार, यंत्र आणलंय. बाक काढला तर ते कुठे बसतील— आईकडे येतील? की तिला घेऊन—

नाही. बाक काढू द्यायचा नाही. कुणीतरी त्या जागेवर कायमचं बसलं की झालं, क्लॅश मिटला.

कोण सरकणार, सर? मी सरकते.

आईला काही सांगितलं नाही. तिच्या पायातली जोडवी झोपेत काढून घेतली.

४ मार्च, मंगळवार

आत बसलेय. डायरी गुडघ्यावर. जोडवी मी घातलीत. घट्ट होतात.

बाहेर मल्हारींचा आवाज. यंत्र चालत नाहीये म्हणतात. बरं झालं.

ऊब आहे डावीकडे. बघत नाहीये. बघितलं तर उठावंसं वाटेल, किंवा वाटणारच नाही.

आप्पा, आईला राहू द्या. एवढंच मागते. मी बसते ना. मी आहे ना तुमची—

भोंगा झाला. या कंपनीचा. वरचा भोंगा केव्हाच काढलाय, नुसता खांब आहे, तरी—

बाक हलला.

आप्पा सरकले. कडेला. बाकाच्या टोकाला एक पाय बाहेर आलाय, जुना बूट, नाडी सुटलेली. माझ्यासाठी सरकले. मी मध्ये आले. किती बरं वाटतंय, किती—

मध्ये.

उजवीकडे रुमाल आहे. घडी केलेला. आत्ता नव्हता. आत्ता नव्हता, आप्पा, नको, मी आलेय ना, दोघांची जागा आहे, दोघांचीच—

आईचा फोन. खणखणीत आवाज. गेटवर आहे म्हणते, वॉचमननं आत सोडलं. पावलं ऐकू येतात. मेथीचा वास. येऊ नको सांगतेय, ओरडतेय, तिला ऐकू—

भिंतीच्या फटीत तिचा पदर दिसला. हसतेय. डबा पुढे करून म्हणतेय, शुभे, जरा सर—